आपल्या मुलांचे लघुपट : कौतुक आणि परीक्षण

[आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, हौशी लघुपटांच्या खेळापूर्वी परीक्षक मंडळाच्या वतीने झालेले भाषण.]



आजवर आपल्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार झाले, वक्तृत्वाच्या व रांगोळीच्या स्पर्धा झाल्या, भजने झाली, एकांकिकाही झाल्या. या वर्षी कार्यकारिणीने समाजातील तरुणांकडून त्यांनी स्वतः काढलेले लघुपट मागविले आणि त्यांचे परीक्षण करण्याचे काम आम्हां तिघांवर सोपविले. मुदतीत अकरा लघुपट आले. सर्वांत लहान तीन मिनिटांचा आहे, सर्वांत मोठा सत्तावीस मिनिटांचा. एक सोडला तर बाकीचे सारे मोबाइलच्या कॅमेऱ्यावर घेतलेले आहेत. आम्ही प्रत्येक लघुपट दोनदा पाहिला. पहिल्यांदा काही न टिपता आणि दुसऱ्यांदा वही समोर ठेवून. निकाल खेळानंतर अध्यक्षमहाराज जाहीर करतील. त्यापूर्वी, असे लघुपट कसे पाहावेत आणि पाहिल्यावर त्यांविषयी कसे बोलावे, यासंबंधी आमचे विचार आपणांपुढे मांडण्याची अनुज्ञा असावी. या अकरांपैकी एका लघुपटाबद्दल वाद उत्पन्न झाला असून तो दाखवावा की नाही, याचा निर्णय कार्यकारिणीने या सभेवर सोपविला आहे. त्या प्रश्नाकडे आम्ही ओघाने येऊच.

‘हौशी’ हा शब्द आपण बहुधा थोड्या कनिष्ठ अर्थाने वापरतो. हौशी म्हणजे कच्चा, हौशी म्हणजे वेळ जात नाही म्हणून केलेला, अशी आपली समजूत असते. परंतु आपल्या देशातील चित्रपटाचा आरंभ पाहिला तर तो हौसेनेच झालेला दिसतो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, म्हणजे १८९९ साली, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती चित्रित केली. १९०१ साली केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर र. पु. परांजपे यांचे स्वागतही त्यांनी टिपले. सावेदादांचा व्यवसाय छायाचित्रणाचा होता. परंतु चलच्चित्राचा धंदा येथे तेव्हा जन्मालाच यावयाचा होता, म्हणून त्या क्षेत्रात ते हौशीच म्हटले पाहिजेत. काही मिनिटांत संपणारी त्यांची ती चित्रे आजच्या भाषेत लघुपटच होत. आणि त्यांचे विषय कोणते? शहरातल्या मल्लांची कुस्ती आणि आपल्या एका विद्वानाचे आगमन. जे आपल्या अंगणात घडत होते आणि जे परका कॅमेरावाला टिपणार नव्हता, तेच त्यांनी टिपले.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण याहूनही बोधप्रद आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, हे आपण शाळेत शिकतो. त्याच्या आधी त्यांनी काढलेल्या एका इवल्याशा चित्राची आठवण मात्र फारसे कोणी काढीत नाही. १९१२ साली ते इंग्लंडहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा पूर्ण लांबीचा चित्रपट काढण्यास त्यांच्यापाशी पैसा नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि एक महिन्याहून अधिक काळ नियमाने त्या कुंडीची चित्रे घेतली. सारी चित्रे सलग दाखविली तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत अंकुर फुटला आणि वेल वर चढला. हा जेमतेम मिनिटभराचा लघुपट त्यांनी आपल्या परिचयाच्या निवडक मंडळींना दाखविला, आणि त्यातून पुढील चित्रपटाच्या भांडवलाची वाट मोकळी झाली.

आम्ही ही गोष्ट सांगतो ती फाळक्यांच्या गौरवासाठी नव्हे. त्यांचा गौरव आमच्या शब्दांवाचून अडलेला नाही. आम्हांस त्या खोलीत बसलेल्या प्रेक्षकांची आठवण करून द्यावयाची आहे. त्यांच्यापुढे कथा नव्हती, नट नव्हते, संगीत नव्हते. होता फक्त एक वाटाण्याचा वेल. ‘यात काय पाहावयाचे?’ असे म्हणून ते उठून गेले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. अथवा ‘वा, छान!’ म्हणून चहा घेऊन निघून गेले असते, तरीही चालले असते. परंतु या मिनिटभरात काय साधले आहे आणि ते साधणारा मनुष्य पुढे काय करू शकेल, हे त्यांच्यापैकी काहींनी ओळखले. परीक्षण म्हणतात ते यालाच. लहान कृतीत जे खरोखर आहे ते पाहणे, आणि जे नाही तेही पाहणे.

आता आपल्या काळाकडे येऊ. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. तेथे शेख नासिर नावाच्या गृहस्थांनी, स्वतः व्हिडिओ पार्लर चालवीत असता, गावातल्याच मित्रमंडळींना घेऊन २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट काढला. मोठ्या चित्रपटाची ती नक्कलच होती, पण थट्टेने केलेली आणि गावच्या बोलीत उतरविलेली. पुढे त्यांनी सुपरमॅनला मालेगावात आणले. ती भूमिका शफीक नावाच्या यंत्रमाग कामगाराने केली. या खटाटोपावर फैजा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट काढला आणि तो देशोदेशी पाहिला गेला. कॅमेरा फिरविण्यासाठी सायकल आणि उंच नेण्यासाठी बैलगाडी, अशी त्या चित्रीकरणाची साधने होती. पुढे रीमा कागती यांनी याच कथेवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट काढला, तो २०२५ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत आला.

मालेगावच्या या चित्रपटांना मुंबईच्या चित्रपटांचे माप लावले तर पदोपदी दोषच दिसतील. पण ते ज्यांच्यासाठी काढले होते, त्या यंत्रमागावर दिवस-रात्र काढणाऱ्या प्रेक्षकांपुढे ते ठेवा. पडद्यावरची गल्ली ओळखीची, पडद्यावरचा वीर शेजारचा, आणि विनोद आपल्याच हालअपेष्टांवरचा! तेथे त्यांचे मोल निराळे ठरते. तेव्हा हौशी लघुपटाचे परीक्षण करताना पहिला प्रश्न असा विचारावा, की ही गोष्ट याच गावच्या, याच घरच्या माणसाला सांगता आली असती, की कोणालाही सांगता आली असती? कोणालाही सांगता येणारी गोष्ट मोठे चित्रपट अधिक सफाईने सांगतात. आपल्या मुलांनी तेथे त्यांच्याशी स्पर्धा करण्याचे कारण नाही.

आमच्याकडे आलेल्या अकरा लघुपटांना हाच प्रश्न विचारला असता पाच मागे पडले. त्यांपैकी दोन रस्त्यावरील अपघातांविषयी आहेत, एक व्यसनमुक्तीचा आहे, एक वृक्षारोपणाचा आहे, आणि एकात परगावी शिकणारा मुलगा व त्याचे वडील यांची ताटातूट दाखविली आहे. हेतू पाचांचेही उत्तम. परंतु पाचांतही ढगांची संथ चित्रे आहेत, तीच मोठ्या चित्रपटांतील उसनी सनई व बासरी आहे, पाचांतही नायक खिडकीबाहेर पाहत बराच वेळ उभा राहतो, आणि पाचांच्याही शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत सुविचार उमटतो. हे लघुपट कोणत्या गावचे, हे पाहून सांगता येत नाही.

आवाजाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट तरुण मित्रांना सांगितली पाहिजे. आजच्या मोबाइलचे चित्र इतके स्वच्छ येते, की त्याबद्दल तक्रार करावयास जागा नाही. पण अकरांपैकी आठ लघुपटांत पात्रांचे बोलणे नीट ऐकू येत नाही. पंखा, वारा, रस्त्यावरचा भोंगा, शेजारचा मिक्सर यांचे आवाज संवादांवर चढून बसतात. प्रेक्षक अंधूक चित्र सहन करतो. न ऐकू येणारे वाक्य सहन करीत नाही. तेव्हा चित्रीकरणाच्या वेळी पंखा बंद करावा, आवाज टिपणारे साधन बोलणाऱ्याच्या शक्य तितके जवळ ठेवावे, आणि काम उरकण्यापूर्वी त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर टिपून घ्यावी. दोन तुकडे जोडताना ती उपयोगी पडते. दुसरी गोष्ट लांबीची. सत्तावीस मिनिटांच्या लघुपटात बारा मिनिटांचा उत्तम लघुपट दडलेला आहे. तो बाहेर काढण्याचे धैर्य निर्मात्याने दाखवावे, असे आम्ही त्यास कळविले आहे.

उरलेल्या सहांपैकी दोहोंचा उल्लेख करतो. एकात पिठाची गिरणी चालविणाऱ्या आजोबांचा गिरणीतील शेवटचा दिवस आहे. मुलाखत नाही, निवेदन नाही. ते पट्टा उतरवितात, जात्याची तळी झाडतात, गिऱ्हाइकांचे राहिलेले डबे एकेक करून ओळखतात आणि कोणाचा कोणता ते नातवाला सांगतात. डब्यांवर नावे नाहीत. चाळीस वर्षांच्या सवयीने ते झाकणावरच्या खळीवरून ओळखतात. या एका गोष्टीत आम्हांस त्या मनुष्याचे सारे आयुष्य दिसले. दुसऱ्यात एक बहीण आपल्या भावाच्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाची खोली दाखविते. भिंतीवरची वेळापत्रके पाच वर्षांची आहेत, एकावर एक चिकटविलेली. भाऊ चित्रात कोठेच नाही. नुसता पाठ करण्याचा आवाज येतो. हे पाहताना आपल्यापैकी कितीतरी घरांना आपलीच भिंत आठवेल.

आता वादाच्या लघुपटाकडे येतो. तो नऊ मिनिटांचा आहे आणि विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्याच एका मुलीने काढलेला आहे. विषय मुलगी दाखविण्याच्या कार्यक्रमाचा. कॅमेरा आरंभापासून स्वयंपाकघरात आहे आणि तेथून हलत नाही. पोह्यांची कढई, चिरलेली कोथिंबीर, बशा पुसणारे मुलीचे हात, एवढेच आपणांस दिसते. दिवाणखान्यातील मंडळी दिसत नाहीत, त्यांचे बोलणे तेवढे ऐकू येते. आणि त्या बोलण्यात एकही अपशब्द नाही. सारे सभ्य, सारे आपल्या नित्य परिचयाचे. ‘आमची काही मागणी नाही, आपण आपल्या मुलीसाठी काय ते कराल.’ ‘नोकरी करीलच असे नाही ना?’ ‘फोटोत उंची जरा जास्त वाटली होती.’ आतल्या मुलीचे हात त्या त्या वाक्याला क्षणभर थांबतात आणि पुन्हा चालू लागतात. असा कार्यक्रम या हंगामात तिसऱ्यांदा होत आहे, हे आपणांस मागच्या दोन वेळच्या मिठाईच्या रिकाम्या खोक्यांवरून कळते.

या लघुपटासंबंधी कार्यकारिणीकडे चार पत्रे आली. त्यांतील आक्षेप आम्ही आदराने वाचले. एक असा, की यात समाजाची बदनामी आहे. दुसरा असा, की संमेलनास अन्य समाजांतील पाहुणे उपस्थित असतात, त्यांच्यापुढे घरची गोष्ट मांडू नये. तिसरा आक्षेप वधूवर सूचक समितीवर निष्ठेने काम करणाऱ्या एका ज्येष्ठ भगिनींचा आहे. आपल्या इतक्या वर्षांच्या निःस्वार्थ सेवेची यात थट्टा होते, असे त्यांस वाटते. चौथे पत्र एवढेच म्हणते, की स्नेहसंमेलनात आनंदाचे विषय असावेत.

यांस आमचे उत्तर असे. बदनामी खोट्याने होते. या लघुपटातील प्रत्येक वाक्य आपण ऐकलेले आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ते कधी ना कधी उच्चारलेलेही आहे. पाहुण्यांचा प्रश्न तर आम्हांस फारसा अवघड वाटत नाही. त्यांच्याही घरी पोह्यांच्या बशा अशाच भरल्या जातात. समितीवरील भगिनींस आमची विनंती आहे, की त्यांनी हा लघुपट अवश्य पाहावा. त्यात त्यांच्या सेवेची थट्टा नाही. त्या ज्या मुलींसाठी खटपट करतात, त्यांच्यापैकी एक दाराआड उभी राहून काय ऐकते, ते त्यात आहे. समितीला हे कळणे उपयोगाचेच होईल. आणि स्नेहाबद्दल म्हणाल, तर स्नेहसंमेलनात जर आपल्याच मुलीचे म्हणणे ऐकून घ्यावयास जागा नसेल, तर त्या शब्दातील स्नेह कोणाशी?

घराने स्वतःकडे पाहण्याची ही शक्ती कलेला किती उंचीवर नेते, याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर गावचे नागराज मंजुळे यांनी विद्यार्थिदशेत ‘पिस्तुल्या’ हा लघुपट काढला. शाळेची ओढ असलेल्या एका गरीब मुलाची ती गोष्ट. दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला. पुढे २०१३ साली त्यांनी ‘फँड्री’त जातीचा जो चटका दाखविला, तो पाहून पुष्कळांना अस्वस्थ वाटले. त्या चित्रपटाचे मोल त्या अस्वस्थतेतच होते. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने तर हे अधिकच ध्यानी घ्यावे. कारण ज्ञातीचा अभिमान बाळगणाऱ्या मंडळींना स्वतःकडे पाहण्याची सवय लवकर सुटते.

परंतु हा लघुपट दाखवावा, असे म्हणताना आम्ही त्याचे परीक्षण सोडलेले नाही. त्यात एक ठळक दोष आहे. शेवटच्या पन्नास सेकंदांत ती मुलगी कॅमेऱ्याकडे तोंड करते आणि स्त्रीच्या मानासंबंधी भाषण देते. भाषणातला शब्दन् शब्द योग्य आहे. पण थांबलेल्या हातांनी जे आधीच सांगितले होते, ते ती पुन्हा सांगते, आणि आठ मिनिटे उभे केलेले चित्र तेथे ढासळते. आम्ही तिला बोलावून हे स्पष्ट सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मला ते भाषण नकोच होते. पण नुसते हात पाहून लोकांना कळेल, असा भरवसा वाटला नाही.”

मंडळी, या उत्तराचा आपण सर्वांनी विचार करावा. आमच्या मुलांच्या लघुपटांना शेवटी सुविचार का चिकटविलेले असतात, हे आम्हांस त्या उत्तराने उमगले. ही मुले प्रेक्षक पाहून बोलतात, आणि त्यांचे प्रेक्षक आपण आहोत. आपण पडद्याकडे नीट पाहत नाही, हे त्यांनी ओळखले आहे. लघुपट चालू असता आपण शेजाऱ्याशी बोलतो. संपताच ‘छान हो, शाबास’ म्हणून पाठ थोपटतो आणि ‘किती खर्च आला?’ एवढे विचारतो. आपला तो बाब्या, म्हणून सारे गोड मानतो. आणि बाब्या जरा वेगळे बोलला की ‘हे धंदे सोड आणि अभ्यास कर’ असे सुनावतो. या दोहोंत पाहणे नाहीच. सरसकट कौतुक आणि सरसकट झिडकार यांत आम्हांस तरी फारसा फरक दिसत नाही. दोन्हींमुळे मुलाला एकच गोष्ट कळते, की आपण काय केले ते कोणी पाहिले नाही.

हौशी नाटकाच्या बाबतीत आपण असे वागत नाही. राज्य नाट्यस्पर्धेने आणि पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने महाराष्ट्रात एक जाणता प्रेक्षक घडविला. आपल्या महाविद्यालयाची एकांकिका कोठे पडली, हे तेथला विद्यार्थी प्रेक्षक बिनदिक्कत सांगतो, आणि नट ते ऐकतात. लघुपटाच्या वाट्याला अशी शिस्त अजून आलेली नाही. ती घालून देण्यास आपले लहानसे मंडळही हातभार लावू शकेल. म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही चार सूचना ठेवीत आहोत.

पहिली, लघुपटांचा खेळ बक्षीस समारंभाच्या मधल्या वेळेत उरकू नये. त्यास स्वतंत्र वेळ, अंधारी खोली आणि चांगला ध्वनिवर्धक असावा. दुसरी, आलेल्या प्रत्येक लघुपटाचे दहा-पंधरा ओळींचे परीक्षण, परीक्षकांच्या सह्यांसह, स्मरणिकेत छापावे. त्यात निदान एक गोष्ट अशी असावी, की जी लघुपट पाहिल्यावाचून लिहिताच येणार नाही. तिसरी, समाजास न रुचणारा विषय एवढ्याच कारणास्तव कोणताही लघुपट वगळू नये. चौथी, प्रत्येक लघुपटाची प्रत मंडळाच्या ग्रंथालयात जतन करावी. आपल्या देशात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले तोवर त्यांतील बहुतेक नष्ट झाले होते. मोबाइलमधील चित्र तर मोबाइल हरवला की गेले. गिरणीतील त्या आजोबांना डबे ओळखताना आणखी पन्नास वर्षांनी कोणास पाहावेसे वाटले, तर ते आपल्यापाशी असले पाहिजेत.

शेवटी वादग्रस्त लघुपटाविषयी. त्या मुलीला आम्ही असे सुचविले, की इच्छा असल्यास शेवटची पन्नास सेकंदे काढून टाकावीत. आज ती दोन्ही प्रती घेऊन आली आहे. कोणती दाखवावी, हे तिने सभा पाहून ठरविण्याचे योजिले आहे. सभेने संमती दिली आणि नऊ मिनिटे शांतपणे पाहण्याचे आश्वासन दिले, तर भाषणाची प्रत तिला लावावी लागणार नाही, असा आम्हांस विश्वास वाटतो. तो विश्वास तिलाही वाटावा, एवढे आपल्या हाती आहे.



[या भाषणानंतर अध्यक्षांनी सभेचे मत घेतले. बहुमताने संमती मिळून अकराही लघुपट दाखविण्यात आले. वादाच्या लघुपटाची भाषण नसलेली प्रत दाखविली गेली. सर्व लघुपटांची परीक्षणे याच स्मरणिकेत अन्यत्र दिली आहेत. — संपादक मंडळ]